पितृपक्षातली लग्नपत्रिका

द्वैभाषिक राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या पितृपक्षात, एका मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात ट्रेडल मशीनमध्ये सापडून माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. वेळ नक्की सांगता येते, कारण मशीनसमोरच्या भिंतीवर घड्याळ होते आणि मशीन थांबल्यावर मी प्रथम त्याच्याकडेच पाहिले.

मी कंपोझिटर होतो. वय सत्तावीस. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताने शिशाचे एकेक अक्षर उचलून तिच्यात ओळ जुळवायची, हे काम मी नऊ वर्षे करत होतो. मशीन चालवणे माझे काम नव्हते. ते मशीनमनचे. तो लालबागला माझ्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहायचा. मालवणकडचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. त्या दिवशी जेवणाची सुट्टी चालू होती, मशीनमन दाराशी बसून डबा खात होता आणि मशीनवर मी होतो. असे का होते, हे पुढे वर्षभर मला निरनिराळ्या लोकांना सांगावे लागले.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची हँडबिले आमचे मालक फुकट छापून देत. हँडबिलावर मुद्रकाचे नाव आणि पत्ता घालणे कायद्याने भाग होते. या हँडबिलांवर ते घातले जात नसे. म्हणून ती सुट्टीत काढायची. त्या वेळी गिऱ्हाईक येत नसे. मशीनमनने आणि मी पाळी लावून घेतली होती. पहिली पंधरा मिनिटे त्याने जेवायचे आणि मी कागद घालायचे, मग मी जेवायचे आणि त्याने मशीन धरायचे. ट्रेडलवर कागद घालायला त्यानेच मला शिकवले होते.

अडचण जॉब बुकाची होती. दिवसभरात जे काम निघाले ते त्यात लिहावे लागे, कारण कागदाचा मेळ त्यावरून घातला जाई. हँडबिल असे लिहिता येत नव्हते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मालक मला म्हणाले होते, "लग्नपत्रिका लिही. लग्नसराई आहे, कोण विचारतंय?" रंगीत कागद दोन्हींना सारखाच लागे. तेव्हापासून हँडबिल निघाले की मी बुकात लग्नपत्रिका लिहीत असे. बुक माझ्याच अक्षरात होते. उन्हाळा संपला, आषाढ लागला, गणपती झाले. शब्द बदलायला मला कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही.

दुसरी एक पद्धत होती, ती मालकांनी हँडबिलालाही सोडली नव्हती. प्रूफ स्वतः वाचून, त्यावर निळ्या पेन्सिलीने "छापा" असे लिहून खाली सही केल्याशिवाय ते काहीही मशीनवर चढू देत नसत. त्या मंगळवारी त्यांनी हँडबिलाचे प्रूफ वाचले, दोन चुका काढल्या, "छापा" लिहिले आणि जेवायला घरी गेले. मी चुका सुधारल्या, बुकात लग्नपत्रिका लिहिली आणि प्रूफ चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवले. अशी प्रुफे मी संध्याकाळी फाडून टाकत असे.

शंभरेक कागद झाले असतील. एक कागद तिरका बसला. मशीनमन असा कागद तसाच जाऊ देतो आणि नंतर गठ्ठ्यातून काढतो. कंपोझिटरला तिरकी ओळ बघवत नाही. मी तो सरळ करायला हात घातला.

मशीनमनने पट्टा सोडवला, हात बाहेर काढला आणि जवळ पडलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला.

"हात वर धर! खाली सोडू नको," तो म्हणाला. "माका बघ. हाताकडे बघू नको रे, माका बघ."

टॅक्सीत परळच्या इस्पितळापर्यंत त्याने माझे मनगट वर धरून ठेवले होते. त्याचा डबा अर्धाच खाऊन झाला होता, तो छापखान्यात उघडा राहिला.

इस्पितळात मी एकवीस दिवस होतो. तिथे शर्ट कापून काढला आणि तो आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नव्हते, पण छापलेला कागद ती टाकत नसे. खिशातले प्रूफ तिने वाळवले आणि ट्रंकेत माझ्या शाळेच्या दाखल्याखाली ठेवले. घरी आल्यावर तिने मला तसे सांगितले. मी ते तिथेच राहू दिले.

मालक दोनदा इस्पितळात आले. मोसंबी आणली. दुसऱ्या वेळी म्हणाले, "नुकसानभरपाईचा अर्ज कर. मी विमा उतरवलेला आहे, कंपनी देईल. माझा काही वाद नाही."

आमच्या छापखान्यात माणसे थोडी, त्यामुळे कामगार विम्याच्या नव्या योजनेत तो येत नव्हता. जुन्या कायद्याने अर्ज नुकसानभरपाई कमिशनरांच्या कोर्टात करायचा होता. कायमचे अपंगत्व किती, हे कायद्यातल्या तक्त्यावरून ठरते. कोणते बोट कुठून गेले याचा त्यात हिशेब आहे. ते सोपे होते. मला सिद्ध करायचे होते ते एवढेच, की बोटे मालकाच्या कामावर असताना गेली. ते सिद्ध झाले असते तर डाव्या हाताने दुसरे एखादे काम शिकेपर्यंत आई आणि मी निभावून नेले असते. नाहीतर आईला पुन्हा गिरणीत जावे लागणार होते. वडील गेल्यानंतर ती अकरा वर्षे वाइंडिंग खात्यात होती आणि तिला दम्याने तिथून काढले होते.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी चाळीतले तिघे जण शाल आणि नारळ घेऊन आले. त्यांच्यात आमच्या मजल्यावरचे शाळामास्तर होते. वॉर्डातल्या सभा तेच ठरवत. सभेला माझी गोष्ट सांगितली गेली होती, असे त्यांच्याकडून कळले.

"तीन बोटं महाराष्ट्राला दिलीत," एक जण म्हणाला.

"मूठ वळते ना पण?" दुसरा म्हणाला. "घोषणेला मूठ लागते. बोटं काय, ती मोर्च्यात कोण मोजतंय!"

सगळे हसले. मीही हसलो. आईने चहा दिला. निघताना मास्तर गॅलरीत थांबले.

"कोर्टात जाताय म्हणे. जा, जरूर जा. फक्त हँडबिलाचं नाव काढू नका. एक छापखाना सापडला की दहांवर धाड पडेल."

"मग मी काय छापत होतो म्हणून सांगू?"

"बुकात काय लिहिलंय?"

"लग्नपत्रिका."

"मग झालं तर."

वकील परळला एका उपाहारगृहाच्या वर बसत. कामगारांची प्रकरणे घेत. मी त्यांना सगळे खरे सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि खिडकी लावून घेतली.

"हे मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "जॉब बुकात काय आहे?"

"लग्नपत्रिका."

"तुमच्या अक्षरात? त्याच दिवशी? मग केस पंधरा मिनिटांची आहे."

सुनावणीला पाच महिने लागले. त्या काळात मी बहुतेक वेळ खोलीत असे. सकाळी सातनंतर चाळीतले पुरुष कामावर जात, दहानंतर नळ बंद होई आणि त्यानंतर चारपर्यंत गॅलरीत कोणी नसे. मी पाटी आणून डाव्या हाताने अक्षरे गिरवायला लागलो. नऊ वर्षे मी अक्षरे उलटी वाचली होती; डाव्या हाताने ती उलटीच निघत. मशीनमन सुरुवातीला रोज संध्याकाळी येऊन बसत असे. छापखान्यात काय चालले आहे ते सांगे. माझ्या जागी माहीमचा एक कंपोझिटर घेतला होता. सुनावणीचे समन्स छापखान्यात पोचले त्या आठवड्यापासून मशीनमनचे येणे कमी झाले.

पहिल्या सुनावणीला मालक आले होते. विमा कंपनीचे वकील गिरगावातलेच होते, साठीच्या पुढचे, कपाळाला गंध. त्यांनी पहिला मुद्दा डॉक्टरांच्या दाखल्यावर काढला. अंगठा आणि करंगळी शाबूत आहे, माणूस पेन धरू शकतो, तेव्हा कमाई गेली असे कसे म्हणायचे. कमिशनरांनी टिपून घेतले. मग त्यांनी जॉब बुक मागितले, पान उघडले आणि पिशवीतून पंचांग काढले.

"अपघात झाला तेव्हा तुम्ही लग्नपत्रिका छापत होता?"

"हो."

"ती तारीख म्हणजे भाद्रपद वद्य पक्षातली. बरोबर?"

"तिथी मला आठवत नाही."

"मी सांगतो ना. पितृपक्ष. पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही." त्यांनी पंचांग कमिशनरांच्या टेबलावर ठेवले. "साहेब, माझी साठ वर्षं गिरगावात गेली. पितृपक्षात लोक नवी वहाण घेत नाहीत, आणि ह्यांच्याकडे लग्नपत्रिका छापायला येतात. कोणाचं लग्न होतं हो? पितरांचं?"

कोर्टातले लोक हसले. कारकूनही हसला. मी मालकांकडे पाहिले. ते बुकाकडे पाहत होते.

"नोंद खोटी आहे," वकील पुढे म्हणाले. "वेळ सुट्टीची आहे. मशीन अर्जदाराचं नाही. ते स्वतःचं काहीतरी खाजगी काम करत होते असं आमचं म्हणणं आहे. मालकाच्या कामाशी या इजेचा संबंध नाही."

कमिशनरांनी मला विचारले, "ही पत्रिका कोणाची होती ते सांगता येईल?"

माझ्या वकिलांनी तारीख मागून घेतली. महिन्याभराची मिळाली.

बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "मुहूर्त बघायला हवा होता. बुक मी पाहिलं, पंचांग नाही पाहिलं." मग म्हणाले, "मालक साक्ष देतील का, काम मी सांगितलं म्हणून? काय काम होतं हे न सांगता?"

मी त्याच आठवड्यात ठाकूरद्वारला गेलो. छापखान्यात माझ्या टाइपांच्या केससमोर माहीमचा माणूस उभा होता. त्याने मान हलवली. मालकांनी मला आत बसवले.

"तू काय सांगायचं ते सांग," ते म्हणाले. "मी तुला अडवलेलं नाही."

"तुम्ही काय सांगाल?"

"मला विचारलं की सांगेन."

"काम तुम्ही दिलं होतं, एवढं सांगितलंत तरी पुरे होईल."

"कसलं काम, हे लगेच विचारतील ना! मग? लग्नपत्रिका म्हणू? तो म्हातारा पुन्हा पंचांग काढेल." त्यांनी चष्मा काढला. "तू लिहिताना बघायचं नाहीस का? पितृपक्षात लग्न! शाळकरी पोरगंसुद्धा असं लिहिणार नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं."

"वैशाखात सांगितलं होतं."

प्रुफाबद्दल त्यांनी विचारले नाही. ते संध्याकाळी फाडले जाते, हे त्यांना माहीत होते. मीही त्याचे नाव काढले नाही.

मशीनमनला मी चाळीच्या नळावर गाठले. त्याची बादली भरत होती.

"दादा, साक्षीला याल?"

त्याने नळ बारीक केला. "बघ, माझ्या तोंडान खोटा बोलवणार नाय. आणि खरा बोललंय तर उद्या मशीन कोणाचा चालवू? तुझी बोटां गेली. माझो हात शाबूत आसा, पण तेका काम व्हया ना?" बादली उचलताना म्हणाला, "तू माका बोलवू नको. बोलावलास तर येईन. म्हणून सांगतंय, बोलवू नको."

मी त्याला बोलावले नाही.

आईने त्या महिन्यात गिरणीत माणसे कामाला लावणाऱ्या जुन्या जॉबरची गाठ घेतली. पावसाळ्यानंतर बघू, असे त्याने सांगितले होते. हे तिने मला सांगितले नाही. चौथ्या खोलीतल्या बाईंनी सांगितले.

दुसऱ्या तारखेला सकाळी नऊ वाजता मी ट्रंक उघडून दाखल्याखालचे प्रूफ काढले. घडीवर एक तपकिरी डाग होता, मजकूर स्वच्छ होता. लालबागहून ट्रामने गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात ते वकिलांना दाखवले. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले.

"हे दिलं की परत घेता येणार नाही," ते म्हणाले. "तुमची केस उभी राहील. बाकी कोण कोण पडेल ते मी सांगू शकत नाही."

मी म्हटले, "द्या."

कमिशनरांनी ते वाचले. चार ओळी आणि एक मथळा होता. लालबागच्या मैदानावर शनिवारी सभा आहे, एवढाच मजकूर. ते म्हणाले, "मुद्रकाचं नाव दिसत नाही." विमा कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. कमिशनरांनी ती लिहून घेतली आणि मालकांना पुढे बोलावले.

"काय छापलं, याच्याशी या कोर्टाला कर्तव्य नाही. कोणी छापायला सांगितलं, याच्याशी आहे. 'छापा' हे अक्षर कोणाचं?"

मालकांनी चष्मा पुसला आणि प्रूफ हातात घेतले. ते बराच वेळ वाचत राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तिसऱ्या ओळीत एक चूक राहिली होती. माझ्या नजरेतून सुटली."

"इकडे उत्तर द्या," कमिशनर म्हणाले.

"अक्षर माझं आहे."

"काम तुम्ही दिलं होतं?"

"हो. मी दिलं होतं."

ते खाली उतरले आणि माझ्या बाजूच्या बाकावर न बसता मागे जाऊन बसले. नंतर कधी ते माझ्याशी बोलले नाहीत.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. इजा मालकाच्या कामावर झाली, सुट्टी होती तरी काम मालकाच्या सांगण्यावरून चालू होते, असे त्यात म्हटले होते. अपंगत्व कायमचे धरले गेले. पेन धरता येते हा मुद्दा कमिशनरांनी मानला नाही; अर्जदार पेनाने नव्हे तर बोटांनी पोट भरत होता, असे त्यात एक वाक्य होते. रक्कम कंपनीने कोर्टात भरली. आई गिरणीत गेली नाही. प्रूफ कोर्टाच्या फायलीत राहिले.

त्यानंतर महिन्याच्या आत पोलीस ठाकूरद्वारला गेले. मुद्रकाच्या नावाशिवाय छपाई केल्याबद्दल मालकांवर खटला झाला आणि दंड झाला. मशीन काही काळ जप्त होते. छापखाना तीन महिने बंद राहिला. पोलिसांना बातमी कोर्टातल्या कागदावरून मिळाली की आणखी कोणाकडून, याची मी नंतर चौकशी केली. खात्रीलायक उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या कोणत्याही छापखान्यावर त्या सुमारास धाड पडल्याचे मला आढळले नाही. चाळीत मात्र दहांवर पडली असे म्हणत.

मशीनमन ते तीन महिने घरी होता. नंतर त्याला भायखळ्याला काम मिळाले. नळावर मी आलो की तो बादली अर्धी असली तरी उचलून नेई. मास्तर जिन्यात भेटले तर भिंतीकडे सरकून वाट देत. सार्वजनिक पूजेची वर्गणी मागायला आमच्याकडे कोणी आले नाही. ती मी खाली जाऊन पेटीत टाकली. शाल परत मागायलाही कोणी आले नाही. ती ट्रंकेत आहे.

दुसऱ्या वर्षी मला एका दैनिकात प्रूफ वाचायचे काम मिळाले. खुणा डाव्या हाताने करत असे. पुढे तिथेच वार्ताहर खात्यात घेतले. पडताळून पाहिलेले नाही ते लिहायचे नाही, हे मला तिथे शिकवले गेले.

महाराष्ट्र राज्य झाले त्या दिवशी, एक मे रोजी सकाळी, आमच्या चाळीत पेढे वाटले. गॅलरीत तोरणे होती. मजल्यावर दहा खोल्या, आमची सातवी. आईने धुतलेली ताटली दाराजवळच्या स्टुलावर ठेवली होती आणि दार लोटून घेतले होते. जिन्याकडून पहिल्या खोलीची कडी वाजली, मग दुसऱ्या. प्रत्येक दारात थोडे बोलणे, हसणे होत होते. मास्तरांचा आवाज मला ओळखू आला. मशीनमनचाही आला. सहाव्या खोलीची कडी वाजली. त्यानंतर आठव्या खोलीची वाजली.